पाटीएवढा संगणक, डोंगराएवढं काम

अक्कलकुव्यातून आम्ही बोलतोय. आमच्यातल्या कुणी अंगणवाडीत काम करतात, कुणी आशा आहेत, कुणी बचत गटाचे हिशेब लिहितात. आज आम्ही तुम्हाला छोट्या, स्वस्त, हातात धरून नेता येणाऱ्या संगणकाचा इतिहास सांगणार आहोत.

"त्याचं आपल्याला काय?" असं लगेच म्हणू नका. एसटीत कंडक्टर ज्यातून कर्रकन तिकीट काढून देतो, ते यंत्र म्हणजे छोटा संगणकच. रेशन दुकानात आपण अंगठा लावतो ते ई-पॉस यंत्र, बँक मित्राकडचं पैसे काढायचं यंत्र, अंगणवाडी ताईचा मोबाइल, शाळेतला टॅब, ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. माहिती साठवायची, हिशेब करायचा आणि ती माहिती दुसरीकडे पाठवायची, एवढं ज्याला जमतं तो संगणक. मग तो टेबलावर असो की ओट्यात.

या घराण्याचा इतिहास बघताना आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे. यंत्र स्वस्त झालं की ते गरिबाच्या आपोआप उपयोगी पडतं का? गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मोठमोठ्या लोकांनी "हो" असं उत्तर दिलं. आमचं उत्तर थोडं वेगळं आहे. यंत्र स्वस्त असावंच लागतं. पण ते कोणाच्या हातात आहे, वीज आणि नेटवर्क नसताना काय करतं आणि ते अडलं तर माणसाचा शब्द चालतो की नाही, यावर त्याचा उपयोग ठरतो. असं का म्हणतो, ते सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ या. सुरुवातीचे संगणक खोली भरून टाकणारे होते. 1972 साली ॲलन के नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने कागदावर एक कल्पना मांडली. वहीएवढा संगणक असावा, तो मुलाने काखेत मारून कुठेही न्यावा, त्यावर वाचावं, लिहावं, चित्र काढावं. त्याला त्याने 'डायनाबुक' म्हटलं. तेव्हा तसं यंत्र बनवणं शक्यच नव्हतं. पण पाटीएवढ्या संगणकाचं स्वप्न तेव्हापासून आहे, आणि ते पहिल्यापासून मुलांसाठी पाहिलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

1981 साली अमेरिकेत 'ऑस्बर्न-1' आला. उचलून नेता येणारा संगणक म्हणून तो विकला गेला. वजन सुमारे 11 किलो, म्हणजे धान्याची भरलेली पिशवीच. पडदा जेमतेम 5 इंचांचा, किंमत 1,795 डॉलर. मूळ यंत्रात बॅटरी नव्हती. त्यामुळे 11 किलोचं ओझं वाहून नेलं, तरी पुढे भिंतीत प्लग लागणारच.

दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, टँडी कंपनीचा 'मॉडेल 100' आला. वहीएवढा, दीड किलोच्या आतला. पडद्यावर फक्त 8 ओळी दिसायच्या. पण आपण भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले 4 सेल घातले की तो वीसेक तास चालायचा. तिकडच्या वार्ताहरांनी तो डोक्यावर घेतला. गावोगाव जायचं, बातमी टाइप करायची, टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवायची. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. त्याहून ताकदवान यंत्रं तेव्हाही होती. पण या यंत्राला एक नेमकं काम होतं, ते करणारा माणूस होता आणि त्याची वीज दुकानात मिळत होती. म्हणून ते टिकलं. हा धडा पुढे अनेकदा विसरला गेला.

आता आपल्या देशात येऊ. 2001 साली बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोअर कंपनीच्या इंजिनियरांनी मिळून 'सिंप्युटर' तयार केला. हातात मावेल असा, बटणांऐवजी पडद्यावर काडीने टेकवायचा. त्याची किंमत 9,000 रुपयांच्या आसपास ठेवायचं ठरलं होतं. गरीब माणूस एवढे पैसे देणार नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक छान युक्ती काढली. यंत्र गावाचं, कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घातलं की आपली माहिती उघडायची, कार्ड काढलं की शेजारणीने वापरायचं. बचत गटाच्या बायांना हे समजावून सांगावं लागणार नाही. एक शिलाई मशीन चार घरांत कसं चालतं, ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्याला हे यंत्र भारतीय भाषांत वाचून दाखवील, असाही प्रयत्न होता.

2004 साली तो बाजारात आला, पण अपेक्षेच्या मानाने फारच थोडा विकला गेला. तोवर साधे मोबाइल स्वस्त होत चालले होते. आणि सिंप्युटर घेऊन गावात काम कोण करणार, हे ठरलेलं नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण त्याच्याही आधीचं आहे. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणेच्या सहकारी संस्थांच्या 70 गावांत संगणक केंद्रं काढायचा मोठा प्रकल्प झाला. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी कागद, सगळं तिथे मिळणार होतं. काही वर्षांनी बघितलं तर संगणकावर मुख्यतः एकच काम चाललं होतं. उसाचं वजन किती, खत किती उचललं, पैसे कधी मिळणार, एवढंच शेतकरी विचारत होते. संगणक जुने झाले होते, त्यांची देखभाल महाग पडत होती. मग 2006-07 च्या सुमारास संशोधकांनी काही गावांत टेबलावरच्या संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणून पाहिला. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, उत्तर एसएमएसने यायचं. काम तेच, खर्च कितीतरी कमी. लोकांना नेमकं काय हवं आहे ते कळलं, तेव्हा स्वस्त यंत्र पुरेसं ठरलं. ते आधीच विचारलं असतं तर आणखी स्वस्तात झालं असतं.

आता मुलांच्या लॅपटॉपची गोष्ट. जानेवारी 2005 मध्ये निकोलस निग्रोपाँटे या अमेरिकी प्राध्यापकाने जाहीर केलं की गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला 100 डॉलरचा लॅपटॉप देऊ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला झालेल्या जागतिक परिषदेत त्याचा नमुना दाखवला. वीज नसेल तिथे हाताने फिरवून चार्ज करायला त्याला एक दांडा होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो दांडा फिरवला आणि तो त्यांच्या हातातच आला! पुढे बाजारात आलेल्या लॅपटॉपला तो दांडा नव्हताच. किंमतही 100 वर न राहता 188 डॉलरच्या आसपास गेली.

पण यंत्र वाईट नव्हतं. हिरवं-पांढरं, पोरांनी आपटलं तरी सहज न फुटणारं, पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी बटणांचं. भर उन्हातही पडदा वाचता यायचा. भारत सरकारने 2006 मध्ये ही योजना नाकारली. शिक्षण खात्याचं म्हणणं होतं की आधी वर्ग आणि शिक्षक हवेत. तरीही ऑक्टोबर 2007 मध्ये हे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा वापरून बघितले गेले, ते आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वाडीत. एकशिक्षकी शाळा, पटावर 22 मुलं. मुलं त्यावर मराठीत लिहायची, चित्रं काढायची, फोटो घ्यायची, यंत्र घरी न्यायची.

एकशिक्षकी शाळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मोलगीकडच्या, नर्मदेकाठच्या पाड्यांवरच्या शाळा येतात. एकाच गुरुजींनी चार इयत्ता एका खोलीत शिकवायच्या. पहिलीला बाराखडी देतात तोवर चौथी गप्प बसलेली. अशा खोलीत मुलाच्या हातात स्वतःचं काम करायला काही साधन असलं, तर गुरुजींना खरंच मदत होते. ही मदत आम्ही कमी लेखत नाही. पण ती गुरुजी असतात तेव्हा होते. पेरू नावाच्या देशाने असे लाखो लॅपटॉप वाटले. 2012 साली तिथल्या 319 शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांची विचार करायची चपळता थोडी वाढली होती, पण भाषा आणि गणित यांत काहीच फरक दिसला नाही. लॅपटॉप दिले, पण तो घेऊन वर्गात काय करायचं ते शिक्षकांना नीट शिकवलं नव्हतं.

आपल्या सरकारने मग स्वतःचं यंत्र काढलं. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत 'आकाश' टॅब जाहीर झाला. 7 इंचांचा पडदा, सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण पडदा जोराने दाबावा लागायचा, बॅटरी दोन-तीन तासांत संपायची. नंतर हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आलं. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या गटाने त्यात सुधारणा केल्या आणि नोव्हेंबर 2012 मध्ये 'आकाश-2' आला. त्यांचा भर फक्त यंत्र वाटण्यावर नव्हता. देशभरातल्या कॉलेजच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्यावर होता. मात्र शाळाशाळांत आकाश पोहोचणार, हे स्वप्न स्वप्नच राहिलं.

त्यानंतर आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी स्वतःच वाट काढली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शिक्षकांनी सौर पॅनल आणि टॅब वापरून शाळा 'डिजिटल' केली, ती बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर घेतले गेले. त्यातल्या किती चालू राहिल्या? जिथे गुरुजींनी मनावर घेतलं आणि वीजबिलाची सोय होती, तिथल्या राहिल्या. बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडल्याच्या बातम्याही याच वर्षांतल्या आहेत. वर्गणी यंत्रासाठी जमते, बिलासाठी जमत नाही.

मैत्रिणींनो, आतापर्यंत आम्ही लांबलांबच्या गोष्टी सांगितल्या. आता आपल्या जिल्ह्यात येऊ. या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या नंदुरबारमध्ये लिहिलं गेलं आहे. 29 सप्टेंबर 2010, शहादा तालुक्यातलं टेंभली गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले, आणि देशातला पहिला आधार क्रमांक त्या गावातल्या एका बाईला मिळाला. त्या दिवशी दहा जणांना क्रमांक दिले गेले.

हे काम झालं ते पेटीत घालून नेता येणाऱ्या संचावर. एक लॅपटॉप, एक कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डोळ्यांच्या बुबुळांचं चित्र घेणारं यंत्र. शिवाय दुसरा एक पडदा, आपल्याकडे तोंड केलेला. आपलं नाव, वय बरोबर लिहिलं का, ते आपण बघून सांगायचं. बुबुळाचं चित्र का? कोयता, फावडं, चूल, भांडी यांनी झिजलेल्या हातांचे ठसे नीट येत नाहीत, हे योजना आखणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून दुसरी सोय ठेवली.

त्या संचाची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नोंदणी करताना नेटवर्क लागत नव्हतं. माहिती लॅपटॉपमध्ये कुलूपबंद राहायची आणि नंतर पुढे पाठवली जायची. म्हणून ते डोंगरातही चालू शकलं.

पुढे रेशन दुकानात ई-पॉस आलं तेव्हा उलटं झालं. अंगठा लावला की त्याच क्षणी तो दूरच्या संगणकाशी जुळवायचा, म्हणजे त्याच क्षणी नेटवर्क हवं. आपलं नाव घेताना यंत्र थांबायला तयार होतं. आपलं धान्य देताना मात्र ते थांबेनासं झालं. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो. दोन्ही वेळा यंत्र छोटंच होतं, स्वस्तच होतं. नियम बदलला होता.

इथे एक माहिती कान देऊन ऐका. ऑक्टोबर 2017 मध्ये आधारच्या प्राधिकरणानेच परिपत्रक काढून सांगितलं आहे, की ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही एवढ्या कारणासाठी कुणाला लाभ नाकारू नये. दुसऱ्या रीतीने ओळख पटवावी आणि नोंदवहीत लिहावं. अंगठा उठला नाही म्हणून आजीला रिकाम्या पिशवीने परत पाठवत असतील, तर हे परिपत्रक आहे, असं शांतपणे सांगा.

आता आमच्या स्वतःच्या कामाचा इतिहास. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी सुरू झाली. तेव्हापासून चाळीसेक वर्षं अंगणवाडीचा सगळा कारभार कागदावर चालला. हजेरी, वजन, आहार, लसीकरण, गरोदर माता, गृहभेटी, अशा अकरा नोंदवह्या. एकच नाव चार वह्यांत लिहायचं. वजनाचा तक्ता हाताने भरायचा, ठिपका कुठल्या रंगात पडला ते बघायचं. महिनाअखेर सगळं जोडून पर्यवेक्षिकाबाईंना द्यायचं.

मार्च 2018 मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि त्यातून सेविकांच्या हातात स्मार्टफोन आले. वजन आणि उंची भरली की मूल कुठल्या श्रेणीत आहे ते फोन सांगतो. कुणाकडे गृहभेट राहिली ते आठवण करून देतो. आमच्यातल्या ज्यांनी अकरा वह्या भरल्या आहेत, त्यांना विचारा हे किती मोठं काम आहे ते.

आणि आपल्या भागात त्याहून मोठा उपयोग आहे. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला निघतात. लेकरू बरोबर जातं, त्याची वही मात्र इथे अंगणवाडीच्या कपाटात राहते. तिकडच्या ताईला हे मूल कधीपासून अशक्त आहे, कुठली लस राहिली आहे, काहीच कळत नाही. चार महिन्यांनी ते परत येतं तेव्हा कधीकधी ओळखू येत नाही. कागदाला पाय नाहीत. फोनमधली नोंद मुलामागे जाऊ शकते. 2021 साली राज्याने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवायची जी प्रणाली काही जिल्ह्यांत करून पाहिली, त्यात नंदुरबारही होतं. छोट्या संगणकाचा आमच्या दृष्टीने सर्वांत खरा उपयोग कुठला असेल, तर हा.

मग 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी ताईंनी तेच मोबाइल सरकारला परत का केले? हा इतिहास शहरातल्या पुष्कळांना माहीत नाही. त्या वर्षी जुन्या ॲपच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आलं. दिलेले फोन कमी क्षमतेचे होते, नवं ॲप त्यात नीट चालत नव्हतं. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागायचा. आणि ॲपमध्ये माहिती भरायची होती इंग्रजीत. सातवी-दहावी शिकलेल्या, गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन तोंडपाठ असलेल्या बाईला म्हणायचं, की इंग्रजीत लिही, नाहीतर तुझं काम दिसत नाही. तेव्हा हजारो ताई मोर्चाने गेल्या आणि त्यांनी फोन परत केले.

कुणी म्हणालं, बायांना तंत्रज्ञान नको आहे. अजिबात नाही! त्यांची मागणी होती चांगला फोन आणि मराठी ॲप. यंत्र नको म्हणणारी बाई असं मागत नाही. आज ते ॲप मराठीसह 24 भाषांत असल्याचं मंत्रालय सांगतं. ते आपोआप झालेलं नाही.

भाषेचं अजून एक सांगायचं आहे. संगणकाला देवनागरी यावी म्हणून पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी 1988 पासून कष्ट घेतले. पुढे युनिकोड आलं, म्हणून आज मोलगीहून पाठवलेला मराठी मेसेज मुंबईत जसाच्या तसा वाचता येतो. पण आपल्याकडे मराठी ही शाळेची भाषा. घरात देहवाली, नोयरी, पावरी बोलतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. त्यामुळे पडद्यावर मराठी आली तरी पाड्यावरच्या आईपर्यंत ती पोहोचवायला मधे एक बाई लागतेच. फोनवरचं वाचून, आपल्या बोलीत सांगणारी.

ही मधली बाई म्हणजे काय, ते 2020 साली आपल्याच तालुक्याने दाखवलं. कोरोनाच्या भीतीने नर्मदेकाठच्या पाड्यांवरच्या बाया अंगणवाडीत येईनात. सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून तिकडे रस्ता म्हणजे होडीच. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने एका मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत, जाऊन-येऊन 18 किलोमीटर पाणी कापत, महिनोन् महिने पाड्यांवर जात राहिली. गरोदर बायांना, लहान बाळांना पाहिलं, वजनं घेतली, आहार पोहोचवला. त्याची बातमी देशभर झाली. आम्ही ती आठवण काढतो ती कौतुकासाठीच नव्हे. त्या होडीत जगातला कितीही स्वस्त संगणक ठेवला असता, तरी वल्हं तिनेच मारायचं होतं. संगणकाने तिची वही लिहावी, तिला डॉक्टरशी जोडून द्यावं, तिचं काम वर दिसेल असं करावं. तिच्या जागी बसू नये.

पण आज नेमकं तेच घडायला लागलं आहे. जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना मोबाइलवर आईचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं आहे. आहार खरोखर त्याच आईला मिळावा, मधे कुणी खाऊ नये, हा हेतू चांगला आहे. भ्रष्टाचार आम्हीही पाहिला आहे. पण पाड्यावर नेटवर्क नाही, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या फोनचा, आणि नवरा गेलाय गुजरातेत. ओटीपी तिकडे जाणार, आई इथे उभी. फोन म्हणतो, ही ती नाही. तिचं बाळंतपण जिने बघितलं ती ताई म्हणते, ही तीच आहे. खरं कुणाचं धरायचं?

मैत्रिणींनो, चाळीस वर्षांच्या इतिहासातला हाच खरा प्रश्न आहे. यंत्राची किंमत 100 डॉलर की सव्वादोन हजार रुपये, हा प्रश्न आता मागे पडला आहे. यंत्रं स्वस्त झाली, हातात आली. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले तेव्हा आपण पाहिलं, की अंगणवाडी ताईच्या फोनवर पाड्यावर बसून अर्ज भरला, तर तालुक्याची फेरी आणि एका दिवसाची मजुरी वाचते. यंत्र उपयोगी आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. यंत्र अडलं तर बाईचा शब्द चालणार का, एवढंच विचारायचं आहे.

म्हणून पुढच्या वेळी गावात कुठलंही नवं यंत्र, नवं ॲप आलं, की ग्रामसभेत पाच गोष्टी विचारा. आपला तालुका पेसा कायद्याखाली येतो, आपल्या ग्रामसभेला विचारायचा हक्क आहे.

पहिली, हे यंत्र कुठल्या भाषेत बोलतं? दुसरी, वीज नसेल त्या दिवशी ते कसं चालेल, चार्जिंगची सोय कुणाची? तिसरी, नेटवर्क नसेल तर नोंद यंत्रात राहून नंतर जाईल का, की काम तिथेच थांबेल? टेंभलीच्या संचाला हे 2010 मध्ये जमत होतं, तर आजच्या फोनला जमलंच पाहिजे. चौथी, बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? वारणेपासून अंगणवाडीपर्यंत सगळीकडे अडलं ते देखभालीवर. आणि पाचवी, यंत्र "नाही" म्हणालं तर कुठल्या वहीत लिहून, कुणाच्या सहीने त्या बाईला तिचं देणं त्याच दिवशी मिळेल?

पाचव्याचं उत्तर मिळेपर्यंत ग्रामसभेच्या इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्या. तोंडी उत्तरावर उठू नका. आणि ज्यांच्याकडे अजून जुनी नोंदवही आहे त्या सेविकांनी ती फेकू नका. फोनमध्ये भरा आणि चार ओळी वहीतही ठेवा. काम थोडं वाढतं, हे आम्हाला माहीत आहे. पण ज्या दिवशी फोन बंद पडतो, त्या दिवशी त्या चार ओळींवर एका लेकराचा आहार टिकतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पाड्यावर कुठलं यंत्र आलं, त्याने काय सोपं झालं, काय अडलं, ते आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, किंवा बाजाराच्या दिवशी येऊन सांगा. नमस्कार.